अळीचा दाखला

बेळगावच्या टिळकवाडीतल्या लोकांस्नी भाजीत अळी पायजे, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढी मर मर मेले नसते बघा.

आम्ही निपाणीकडचे जैन. औषध फवारायचं ह्यांनी, आमच्या मालकांनी, कधीच सोडलंय. आमच्या रानात किड्यानं खुशाल खावं, पण म्हणून त्यानं दुसऱ्याच्या चुलीवर जाऊन मरावं व्हय? आदल्या दिवशी उजेडात बसून मी पान न् पान निवडते, सापडतील त्या अळ्या परत रानात सोडते, तवा कुठं आमची भाजी बेळगावच्या सेंद्रिय बाजाराला येते.

आणि ती बघून गिऱ्हाईक नाक मुरडतंय! "एकपण भोक नाही? नक्की फवारलेली."

शेजारच्या टेबलावर मष्णू. त्यो कुठल्या तरी मार्केट यार्डातल्या सौद्यातली टाकाऊ, किडकी वांगी उचलून आणायचा आणि त्याच्याकडं ही झुंबड! बाया भोकांचे फोटो काढायच्या. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! वर मला चिडवायचा, "कमलाक्का, दोन अळ्या देऊ का उसन्या?"

त्या रविवारी बाजार चालवणाऱ्या आरोही मॅडम आल्या आणि मालकांना म्हणाल्या, "शांतिनाथकाका, तक्रारी आहेत. आज कमिटी बघणार. खात्री पटली नाही तर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल."

टेबल गेलं की आमचा माल परत निपाणीच्या बाजारात, फवारलेल्या ढिगात. मग ह्यांनी एवढा हट्ट धरला त्याला इचारतंय कोण?

कमिटी आली. त्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी फ्लॉवरचे तुरे फाकवले आणि किंचाळल्या, "अळी!"

माझ्या नजरंतनं सुटलेली. हिरवीगार, चांगली गुटगुटीत. शरमेनं माझी मान खाली गेली. तर काय, टाळ्या! आरोही मॅडमनी मालकांचा हातच धरला. "काका, सुटलात!"

"हाच द्या मला," बाईंनी पिशवी उघडली.

मालक म्हणाले, "अळीचं काय करणार, ताई?"

"करायचंय काय? मिठाच्या गरम पाण्यात टाकलं की मरून वर येते."

मालकांनी फ्लॉवर मागं घेतला. "मग ह्यो इकायचा न्हाय. दुसरा घ्या."

"दुसऱ्यात अळी आहे?"

"न्हाय."

"मग तो फवारलेला!"

झाला की गलका. एकच अळी, तीबी इकत न्हाईत, म्हंजे दाखवायला बाहेरनं आणून ठेवलीय, असं कमिटीनं ठरवलं. आमचं टेबल मष्णूला मिळालं. आता त्याची दोन झाली.

निपाणीच्या बशीत मी लई तोंड सोडलं. "अवो, एका अळीपायी टेबल घालवलं! माणसाचा संसार काय अळीवर चालतोय?" मला रडूच आलं. मालकांच्या मांडीवर त्यो फ्लॉवर.

संकेश्वर मागं पडलं तवा खिडकीतनं ऊन नेमकं त्याच्यावर पडाय लागलं. मी डोळं पुसलं आणि पदर आडवा धरला.

"इकडं द्या त्यो," म्हटलं, "उन्हानं मरंल ती."