मुग्धा कशी हसायची

वैशालीताईंनी वाटीतलं कोमट तेल नूपुरच्या टाळूवर घातलं आणि सावकाश चोळायला घेतलं. सहा वर्षांची नात पाटावर डुलत होती. नुकतं उजाडलं होतं. गल्लीच्या टोकाला कालीपूजेच्या मांडवात ढाकवाले आपल्या ढोलांवर हात मोकळे करत होते. पाटाजवळ एक बोटभर कारलं ठेवलेलं होतं. कलकत्त्यात कारीट मिळत नाही, म्हणून पायाखाली चिरडायला हेच, ही या घराची तीन पिढ्यांची रीत.

"झालं गं. बाबाला पाठव आता."

"बाबाची कधीच झाली आंघोळ. आता आईला लाव."

वैशालीताईंचा हात वाटीवरच थांबला.

त्यांची एकुलती एक मुग्धा पाच वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा नूपुर धड चालतही नव्हती. सौरभने दोन वर्षांपूर्वी पुन्हा लग्न केलं. या दिवाळीला तो पहिल्यांदाच शर्वरीला घेऊन पुण्याहून आला होता. जावई आपला, नात आपली. पण ही आपली कोण, हे वैशालीताईंना चार दिवसांत ठरवता आलं नव्हतं. 'जेवलीस का' यापलीकडे त्या तिच्याशी बोलल्याच नव्हत्या.

शर्वरी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"राहू द्या काकू. माझं मी लावते."

पोर दोघींकडे बघत होती. वैशालीताईंनी मान वर न करता पाट पुढे सरकवला.

"बस."

नूपुर न्हाणीघराकडे पळाली. शर्वरी बसली, तिने केस सोडले. दाट, राठ केस. वैशालीताईंची बोटं सवयीने मुग्धाचा डाव्या बाजूचा भांग शोधायला गेली, तिथे तो नव्हता. त्यांनी तेल ओतलं.

"काकू, एक विचारू?"

"विचार."

"नूपुर परवा म्हणाली, माझी पहिली आई कशी हसायची? सौरभ उठूनच गेले. मला काही सांगता येईना. फोटो आहेत, पण फोटोत तर सगळेच हसतात."

वैशालीताईंनी तेलाचा हात पदराला पुसला. पुन्हा पुसला. पाच वर्षांत येणारेजाणारे भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून नजर खाली घालत. तेराव्यानंतर नवऱ्याने, सुधाकररावांनी, लेकीचं नावही घेतलं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर वैशालीताईंनीही नाही.

"हसायला लागली ना," त्या हळू म्हणाल्या, "की उभं राहता यायचं नाही तिला. असेल तिथे मटकन खाली बसायची. आवाज नाही काही, नुसते खांदे हलायचे. एकदा हावड्याच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढता चढता अशीच बसली, फळीवरच. मागे ही गर्दी! लोक ओरडतायत, आणि हिचं हसू थांबेना. शेवटी लाँच निघून गेली. सातवीत होती तेव्हा."

"सहावीत."

दोघींनी वळून पाहिलं. सुधाकरराव दारात उभे होते. हातातलं वर्तमानपत्र चुरगळलं होतं.

"सहावीत होती," ते म्हणाले. "आणि लाँच गेली नव्हती. थांबली होती आपल्यासाठी."

ते आत आले आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले.