उलट फिरणारं बटण

मित्रांनो, दाढीच्या साबणाच्या डबीत राहणारा मी एक जुना कंट्रोलर आहे. पंख्याचा वेग कमी-जास्त करणं, एवढंच माझं काम. क्युबातल्या बायामो गावी लेओसवेलनं मला हौसेनं बनवलं. माझे बरेचसे अवयव एका मेलेल्या रशियन टीव्हीतले, बटण रेडिओचं आणि अंग तापू नये म्हणून पाठीला पातेल्याच्या झाकणाचा तुकडा.

लेओसवेलच्या कॉम्प्युटरचा पंखा दिवसभर घोंघावायचा. त्याची आई एनेइदा स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, घरात कॉम्प्युटर आणलास की गिरणी?"

मला जोडून त्यानं बटण उजवीकडे फिरवलं, तर पंखा वाढायच्या ऐवजी मंदावला. दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या.

"आई, हे तर उलटंच झालं!"

"बापावर गेलंय," एनेइदा म्हणाली.

तो तारा सोडवणार, तोच वीज गेली. परत आली तेव्हा त्याचा उत्साह मावळला होता. "राहू दे. या घरात सरळ काय चालतंय?" दोघं पोट धरून हसली. त्यानंतर पंख्याची घरघर कमी होऊन घर शांत झालं. शेजारीण मिग्दालिया मला हातात घेऊन म्हणायची, "पोराच्या हातात जादू आहे गं!" तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग देशातली वीज अर्धा अर्धा दिवस जाऊ लागली. एनेइदाला दमा होता. एकट्यानं परदेशी जायचं ठरलं तेव्हा लेओसवेलनं कॉम्प्युटर विकला, पण पंखा आणि मला ठेवून घेतलं. मोटारसायकलच्या बॅटरीवर आम्हाला जोडून त्यानं आईच्या पलंगाशी ठेवलं. बॅटरी पुरावी म्हणून पंखा मंद ठेवला. निघायच्या दिवशी दारात गाडीचा हॉर्न वाजत होता. बॅटरीच्या तारा कशा लावायच्या ते त्यानं घाईघाईनं मिग्दालियाला दाखवलं. बटणाचं मात्र सांगितलं नाही. त्याच्या बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते उलट आहे हेच तो विसरला होता. एनेइदानं तर शॉक लागेल म्हणून मला कधी हातच लावला नव्हता. ती हसण्यावारी गेलेली गोष्ट तिच्या ध्यानात कुठून राहणार?

ऑगस्टच्या एका दुपारी वीज गेली आणि तिचा श्वास लागला. मिग्दालियानं धावत येऊन तारा लावल्या, पंखा मंद फिरू लागला. "थांब, जोरात करते," म्हणून तिनं बटण उजवीकडे पिळलं. पंखा थांबला. घाबरून तिनं ते थोडंसं मागं आणलं, पण थांबलेली पाती उचलायला तेवढा जोर पुरेना. आणखी डावीकडे कशाला फिरवेल ती? डावीकडे म्हणजे बंद, हे सगळ्यांनाच ठाऊक.

"गेलं हे, एनेइदा. लेओसवेलला फोनवर विचारू या."

"खबरदार! एवढ्या हौसेनं केलंय त्यानं. परमुलखात जिवाला लागेल त्याच्या."

पुढं वीज असली की त्याचा फोन यायचा. "आई, वारा लागतो ना?"

"लागतो तर! पांघरूण घ्यावं लागतं."

मित्रांनो, "नाही" एवढं एकदा म्हटलं असतं, तर त्याला आठवलं असतं आणि त्यानं तिथून सांगितलं असतं, डावीकडे फिरव. माझ्याजवळच भरलेली बॅटरी होती. मी धडधाकट होतो. आणि ती माऊली पुठ्ठ्यानं वारा घेत होती. मला तोंड नाही, याचं दुःख मी कुणाला सांगू?

सप्टेंबरात, भर दुपारी, वीज नसताना, एनेइदा गेली. पुठ्ठा हातातच होता.

वीज आल्यावर लेओसवेलचा फोन मिग्दालियानं घेतला. तो खूप रडला. मग त्यानं विचारलं, "काकी, पंखा चालू होता ना गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "होता रे बाळा. शेवटपर्यंत चालू होता."

आता मी मिग्दालियाच्या घरी फळीवर पडून आहे. पोराची आठवण म्हणून ती मला पुसते, आणि बिघडलेला समजून जोडत नाही. मला आता कसलीच आशा उरलेली नाही. एक विनंती तेवढी करतो. कुणी मायेनं तुम्हाला काही करून दिलं आणि ते चाललं नाही, तर गप्प बसू नका. त्याला सांगा. वाईट वाटलं तर वाटू द्या.