हॅलो, आमचं बाळ परत घेऊन जा

मी एक काळा, जड टेलिफोन बोलतोय. माझी तार कापली, पोटातलं सामान काढून घेतलं, तेव्हापासून मी खरं तर मुकाच. पण ज्या घरात मी सगळ्यांत जास्त बोललो, ते घर मला तार कापल्यानंतरच मिळालं.

त्याआधीची पंधरा वर्षं घोटीच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे गेली. लाइन लागली नाही की तिथली माणसं मलाच थापट्या मारायची. शेवटी खात्याने मला कंडम ठरवलं. जयराम त्याच खात्यात लाइनमन. साहेबांना विचारून त्याने माझं रिकामं खोकं पिशवीत घातलं आणि नाशिकरोडच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. साल शहात्तर, महिना जुलै.

घरात त्याची बायको लता भिंतीला पाठ टेकून बाळाला पाजत बसली होती. पहिल्या दिवशी पाहिली तशीच ती मला पुढचे दोन महिने दिसली. बाळ जन्मलं तेव्हा जेमतेम दोन किलोचं. अंगावरच पाजा, वजन भरलं पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आणि बाळाची तऱ्हा अशी, की चार घोट घ्यायचं नि डोळे मिटायचं. लता त्याच्या तळपायाला गुदगुल्या करायची, कानाची पाळी चोळायची. मग पुन्हा चार घोट. एकेका पाजण्याला तास जायचा.

त्या तासात मोठी लेक गौतमी मोकळी असायची. पावणेतीन वर्षांची. तिने पिण्याच्या पाण्यात दंतमंजन कालवलं, बाबांचे बूट पिठाच्या डब्यात ठेवले. हात पोचतो तेवढंच आईचं राज्य, हे तिने दोन दिवसांत ओळखलं होतं. एकदा तर ती बाळाच्या पायाच्या अंगठ्याला कडकडून चावली.

सासूबाई आक्काबाई भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, गावी घोटीला परतल्या होत्या. जयराम पावसाने तुटलेल्या तारा जोडायला आठवडाभर इगतपुरीच्या घाटात असायचा. शेजारच्या भागीबाईने सल्ला दिला, “डब्याचं दूध लाव पोरी, लय सुटशील.” लता इतकी थकली होती, की तिने तिलाच डबा आणायलाही सांगितलं. अशा वेळी नवऱ्याने मदत म्हणून काय आणलं, तर मला! तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तेवढी लाज खात्यानेही माझी काढली नव्हती.

गौतमीने मात्र बोट घालून माझी चकती फिरवली. टर्रर्र. ती खूश, मीही खूश. ते पाहून लताने नियम केला: बाळ प्यायला लागलं, की फोन फळीवरून खाली. एरवी हात लावायचा नाही. झालं, गौतमी स्वतःच बाळाला भूक लागायची वाट बघू लागली. ती घोटीच्या आजीला फोन लावायची, भाजीवालीला लावायची, आणि लता बसल्या जागेवरून आजी व्हायची, भाजीवाली व्हायची. आत इतके कोण पाहुणे आलेत, म्हणून भागीबाई दोनदा डोकावून गेली.

एका दुपारी गौतमी माझ्याजवळ नेहमीपेक्षा हळू बोलली. “हॅलो, दवाखाना का? आमचं बाळ परत घेऊन जा.”

लताने नर्सबाईंचा आवाज काढला. बाळाने काय केलं, म्हणून विचारलं.

“आईला उठूच देत नाही.”

नर्सबाई म्हणाल्या, की दवाखान्यात आता जागा नाही हो.

गौतमीने माझा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “मग मला न्या.”

नर्सबाईंचा आवाज तिथेच संपला. मग लता स्वतःच्या आवाजात म्हणाली, “हॅलो, मी गौतमीची आई बोलतेय. गौतमीला मी कुठेही देणार नाही. तिची जागा माझ्या मांडीवर आहे. या मांडीवर बाळ, त्या मांडीवर ती.”

गौतमीने रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. जाऊन आईला चिकटली आणि म्हणाली, “मला पण दूध.”

लताने दाराकडे पाहिलं. भागीबाईने बघितलं तर ती गल्लीभर सांगेल, हे तिच्या तोंडावर मला दिसत होतं. तरी तिने पदर सरकवला. गौतमीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि जाहीर केलं, “यात साखरच नाही.”

लता इतकी हसली, की बाळाच्या तोंडचं दूध सुटलं आणि ते रडायला लागलं. गौतमीने त्याची मान हलकेच आईकडे वळवली. “घे बाबा. तूच पी.”

त्यानंतर ती पाजण्याच्या वेळी त्या दुसऱ्या मांडीवर डोकं ठेवून मला पोटावर घ्यायची आणि बाळ किती घोट प्यालं, याची खबर आजीला कळवायची. भागीबाईने आणलेला डबा लताने परत केला. महिनाअखेर बाळ तीन किलोला टेकलं.

आज साल अठ्ठ्याऐंशी. गौतमी नववीत आहे. गेल्या महिन्यात भागीबाईची सून नवसाबाई बाळंत झाली. तिच्या थोरल्या पुंजाने धाकटीला झाडूने झोडपलं, हे ऐकून लताने मला पुसून तिच्या घरी पोचतं केलं. जाताना तिने नवसाबाईला एवढंच सांगितलं, की नुसता फोन देऊन भागत नाही, समोरून बोलावं लागतं.

माझी चकती आता मधेच अडकते. तेवढं सांभाळून घ्या. बरं, ठेवतो मी. पुंजाने रिसीव्हर उचललाय. त्याचं गाऱ्हाणं काय आहे, मला अजून कळायचंय.