छातीशी असून कळलं नाही

मी एक अकॉर्डियन बोलतोय. लाल अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा, मधोमध घड्यांचा भाता असलेला. माणूस खांद्यांवरून दोन पट्टे घेऊन मला छातीशी बांधतो आणि भाता उघडमीट करत वाजवतो. माणसाच्या इतकं जवळ राहणारं वाद्य दुसरं नसेल. वाजवणाऱ्याच्या काळजाचे ठोके मला कळतात, तो रात्री नीट झोपला की नाही तेही कळतं. त्याच्याबद्दल मला ठाऊक नाही असं काही नाहीच, असा माझा समज होता. गेल्या उन्हाळ्यात तो समज असा काही मोडला, की मी अजून पुरता सावरलेलो नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात पातळ पात्या आहेत. हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. एक जाड चष्म्याच्या बाई दोन आठवडे एकेक पाती कानसून, कानाशी धरून, पुन्हा कानसून बसवत होत्या. मग मी शाळेत गेलो. संगीताच्या बाईंनी मला अकरा वर्षं वाजवलं. मुलं रांगेत ताठ उभी राहायची, गायची, सुरात कमी आणि मोठ्यानं जास्त. बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या घरी कपाटावर चढलो. सहा वर्षं खाली उतरलो नाही. माझ्या पट्ट्यांवर एका कोळ्यानं संसार थाटला.

तिथून मला धोटाभाऊनं आणलं. हे त्याचं खरं नाव नव्हे. तो कापडगिरणीत माग चालवायचा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा असतो, त्याला धोटा म्हणतात. हा माणूसही एका जागी कधी टिकायचा नाही, म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यानं कोळ्याला हलक्या हातानं खिडकीबाहेर सोडलं, भात्याच्या फाटक्या घड्यांना चामड्याच्या पट्ट्या लावल्या आणि कुणाकडे न शिकता, नुसतं ऐकून ऐकून वाजवायला लागला.

गिरणीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिथं शंभर माग एकदम चालत. त्या खडखडाटात ओरडूनही ऐकू जात नसे, म्हणून सगळे ओठांवरून बोलणं ओळखायला शिकत. धोटाभाऊ समोरच्या बसमधल्या माणसांचं भांडण काचेतून वाचून बायकोला सांगायचा. ती हसून म्हणायची, "अहो, लोकांच्या घरात कशाला शिरता?"

ही त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. कुणाची पँट तोकडी कर, कुणाचा झगा सैल कर. खिडकीजवळ तिचं मशीन आणि शेजारी स्टुलावर मी.

उन्हाळा आला की दर शनिवारी संध्याकाळी, ऊन पाण्याच्या टाकीमागे सरकलं की धोटाभाऊ मला घेऊन निघे. टाकीमागे सिमेंटचं एक मोठं अंगण होतं. पूर्वी तिथं नगरपालिकेच्या गाड्या उभ्या राहायच्या. आता गावातले हौशी लोक तिथं गायला, वाजवायला आणि नाचायला जमत. पहिल्या दिवशी तर मला धक्काच बसला. मी शाळेत वाढलेला, मला वाटे गाणं म्हणजे ताठ उभं राहायचं. इथं लायब्ररीतल्या बाई, ज्यांच्यासमोर कुणी खोकायला धजत नसे, त्या पदर खोचून गिरक्या घेत होत्या. दातांचे डॉक्टर व्हायोलिन वाजवत होते. आठवडाभर इतरांना आ करायला लावणारा हा माणूस इथं स्वतः आ वासून झुलत होता. गल्लीत पत्रं वाटणारी टपालवाली ड्रम बडवत होती आणि तिच्या तालावर आजोबा, सुना, नर्सा, भाजीवाले घामाघूम होऊन नाचत होते. या माणसांना घरी कुणी ओळखेल का, असा मला प्रश्न पडला.

या सगळ्यांत देखणा नाचायचा तो धोटाभाऊचा मेहुणा, त्याच्या बायकोचा पाठचा भाऊ. तो बस चालवायचा. दिवसभर बसून त्याची कंबर धरायची, पण चाल सुरू झाली की ती कंबर कुठं जायची कुणास ठाऊक. पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस, आणि पाय असे की जमिनीला नुसते विचारून जात. त्याच्या ताईला, म्हणजे धोटाभाऊच्या बायकोला, गुडघ्यामुळे नाचता यायचं नाही. ती खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायची आणि म्हणायची, "माझ्या वाटचंही तूच नाच रे."

असे सात उन्हाळे गेले. मधे धोटाभाऊ गिरणीतून निवृत्त झाला. माझा वरचा एक सूर फाटला. एरवी तो लगेच दुरुस्त करायचा, पण वर्ष गेलं तरी त्यानं हात लावला नाही. मला लाज वाटायची. म्हटलं, वयानं कंटाळा आला असेल.

मग गेल्या उन्हाळ्यातला तो शनिवार. दिवसभर डांबर वितळत होतं. संध्याकाळीही सिमेंटमधून धग येत होती. आमची सगळ्यांत वेगाची चाल चालू होती. मेहुणा मधोमध नाचत होता, बाकीचे त्याच्याभोवती कडं करून. धोटाभाऊची नजर नेहमीसारखी नाचणाऱ्यांच्या पायांवर आणि टपालवालीच्या हातांवर होती. मग त्यानं डोळे मिटले. तो कधी डोळे मिटून वाजवत नसे, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

आणि मेहुणा कोसळला. कंबरेवर आपटला, डोकं एका बाजूला कललं आणि हालचाल थांबली.

ड्रम थांबला. व्हायोलिन थांबलं. कुणीतरी किंचाळलं. "पाणी आणा", "गाडी बोलवा", एकच गलका झाला. आणि त्या गलक्यात मी वाजतच होतो. तीच आनंदाची, उड्या मारणारी चाल. माझ्या भात्यात हवा शिरली की मला बोलावंच लागतं, गप्प बसणं माझ्या हातात नाही. मला वाटत होतं, थांब रे, बाबा, बघ तरी. पण तो मिटल्या डोळ्यांनी, हसऱ्या चेहऱ्यानं वाजवत राहिला. माणसं एकेक करून आमच्याकडे वळली. तशा नजरा मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. डॉक्टर जमिनीवर गुडघे टेकून मेहुण्याची नाडी बघत होते. त्यांनी मान वर केली आणि तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघतच राहिले.

धोटाभाऊची बायको भावाजवळून उठली, लंगडत आली आणि तिनं दोन्ही हातांनी माझा भाता दाबून धरला. तिची बोटं घड्यांत चिमटली. धोटाभाऊनं डोळे उघडले.

"काय झालं?" तो हसतच म्हणाला.

ती वळली आणि परत भावाकडे गेली.

मेहुणा वाचला. उन्हाचा झटका होता, आणि पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं. धोटाभाऊ दवाखान्यात दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत जायचं धाडस त्याला झालं नाही. विचारलं की एकच म्हणे, "माझं लक्ष नव्हतं." यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही. खरं सांगतो, त्या दिवसांत मला त्याची शिसारी आली होती. ज्याच्या छातीशी मी सात वर्षं बांधलेला होतो, तो माणूस असा निर्दय निघावा, याचं मला नवल वाटत होतं.

घरात बायको त्याच्याशी बोलायची ती तोंड फिरवून. "जेवण झाकून ठेवलंय" भिंतीला सांगायची, "मी दवाखान्यात जातेय" दाराला.

बुधवारी दुपारी तो खिडकीजवळ बसून माझ्या पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसत होता. दाराकडे त्याची पाठ होती. ती दवाखान्यातून आली आणि दारातच उभी राहिली.

"त्याला आता चार महिने बस चालवता येणार नाही," ती म्हणाली.

तो पट्ट्या पुसत राहिला.

"तो विचारत होता, भावजी रागावलेत का माझ्यावर? पडला तो, आणि वर विचारतोय तोच."

फडकं एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर.

"एक शब्द तरी बोला. बत्तीस वर्षं तुमच्याबरोबर काढली, इतकं तरी माझं देणं लागता." तिचा आवाज चढला. "नाहीतर मी त्याच्याकडे राहायला जाते. आजच जाते. ऐकताय का?"

तो हलकेच शीळ घालत होता. शीळ इतकी बेसूर होती, की माझ्या अंगावर काटा आला.

तिनं संतापानं दार आपटलं. खिडकीची तावदानं थरथरली. रस्त्यावरच्या कुत्र्यानं मान वर करून पाहिलं. धोटाभाऊनं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पुढची पट्टी पुसायला घेतली.

ती जागच्या जागी थिजली. मग पाऊल न वाजवता पुढं आली. तिची सावली माझ्यावर पडली तेव्हा तो दचकून वळला.

"अगं, कधी आलीस?" तो म्हणाला. "कसा आहे तो?"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. मला सगळं एकदम कळलं, आणि माझ्या पोटातली पातीन् पाती गार पडली. ओठ वाचणारा माणूस. पायांवर खिळलेली नजर. दुरुस्त न झालेला सूर. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला कंटाळा म्हणत होतो.

ती त्याच्यासमोर खाली बसली, चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणला आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

त्यानं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "गिरणीत असतानाच कमी होत चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात पार बंद झालं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर मला वाजवू दिलं असतंत का कुणी?" त्यानं माझ्यावर हात ठेवला. "हा छातीशी असला की बरगड्यांत कळतो. टपालवालीचे हात दिसतात, लोकांचे पाय दिसतात. भागत होतं."

"मग डोळे का मिटलेत? तेही त्याच दिवशी?"

"त्या दिवशी सगळे एकदम नाचत होते. पायाखालून असा हादरा येत होता, की मला क्षणभर वाटलं, ऐकू येतंय. खरंच वाटलं गं. म्हणून मिटले."

ती रडली. त्याला ते ऐकू आलं नाही, पण दिसलं.

त्या शनिवारी तीच त्याला घेऊन अंगणात गेली आणि सगळ्यांसमोर काय ते सांगून मोकळी झाली. डॉक्टर सुन्न झाले. "म्हणजे दोन उन्हाळे मी शेजारी वाजवत होतो आणि..." एवढंच म्हणाले आणि व्हायोलिनची पेटी उगीच उघडून बंद केली. टपालवाली म्हणाली, "तो वरचा सूर वर्षभर फाटलेला आहे. आम्हाला वाटलं, तुम्हाला तसाच आवडतो." लायब्ररीतल्या बाई मात्र स्पष्ट बोलल्या. "मला वाईट वाटतंय. पण उद्या पुन्हा कुणी पडलं आणि हे वाजवतच राहिले, तर?" धोटाभाऊनं मान डोलावली, मला पेटीत ठेवलं आणि पट्टा आवळला. मला वाटलं, आता पुन्हा कपाटावर.

पाच आठवडे मी पेटीतच होतो. मग एका सकाळी मेहुणा काठी टेकत, धापा टाकत जिना चढून आला. त्यानं माझी पेटी उघडून धोटाभाऊच्या मांडीवर ठेवली, खुर्ची ओढली, त्याच्या अगदी समोर बसला आणि म्हणाला, "भावजी, मला आता नाचता येणार नाही, आणि नुसतं बसून मी मरून जाईन. मी तुमच्या समोर असा बसतो. माझा हात वर आहे तोवर वाजवा. खाली आला की थांबा. डोळे मिटलेत तर ही काठी आहे."

धोटाभाऊ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचे ठोके वाढले. माझी पेटी त्याच्या मांडीवर होती, मला कळलं.

आता दुसरा उन्हाळा चालू आहे. आम्ही वाजवतो. लायब्ररीतल्या बाई पहिले तीन शनिवार आल्या नाहीत, चौथ्याला आल्या आणि कडेनं नाचल्या. मी म्हातारा झालोय. भात्याच्या कोपऱ्यातून हवा जाते, धोटाभाऊची बोटंही सकाळी आखडतात.

तुम्हा माणसांकडे माझं एकच मागणं आहे. घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर त्याचा राग करण्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. मी छातीशी असून चुकलो, तुम्ही तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असता.

धोटाभाऊची बायको हल्ली दुपारी शिवणकाम बाजूला ठेवून मला शिकते. तो शेजारी बसतो. ती चुकली की दर वेळी म्हणतो, "परत." एकदाही हुकत नाही. परवा तिनं मुद्दाम चूक केली, तरी म्हणाला, "परत." मी चकित. ती पट्ट्यांवर वाकूनच पुटपुटली, "तुम्हाला कसं कळतं हो?" उत्तर आलं नाही. मग तिनं मान वर केली, त्याच्याकडे बघून तेच पुन्हा विचारलं.

"चुकलीस की तुझे खांदे वर जातात," तो म्हणाला.

तेव्हापासून ती खांदे खाली ठेवून चुकायचा प्रयत्न करतेय. अजून जमलेलं नाही.