पंधरा पावलांवरची चिंधी

ती आली टोपलीत बसून, आणि टोपलीतून जी निघाली ती थेट शिलाई मशीनखाली. मशीन पायाचं, जुनं, काळंभोर. त्याच्या खाली वर्षानुवर्षांच्या चिंध्यांचा ढीग. त्या ढिगात ती अशी शिरली की नाकाचं काळं बटण तेवढं वर राहिलं.

"नाव काय ठेवायचं हिचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिनंच ठेवून घेतलंय की," शिवणकाकू म्हणाल्या. "चिंधी."

चिंधी आठ महिन्यांची कुत्री होती. एका बंद गोदामात जन्मलेली, भिंती सोडल्या तर जगात कुणाशी ओळख नाही. जिन्यात पाऊल वाजलं की थरथरायची. खाली रस्त्यावर कुत्रं भुंकलं की फरशीवर ओल. डॉक्टरीणबाईंचा जनावरांचा दवाखाना. तिथल्या गोंगाटात तिनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. म्हणून तिला काकूंच्या शांत दोन खोल्यांत आणलं होतं, सहा आठवड्यांसाठी.

पुढचं घरही ठरलं होतं. त्या भागात टपाल वाटणारे, नुकतेच निवृत्त झालेले पोस्टमन तिला न्यायला तयार होते. "तीस वर्षं कुत्र्यांनी मला पळवलंय, डॉक्टर," ते म्हणाले होते. "आता एखादं आपल्या पायानं जवळ येताना बघायचंय." पण त्यांच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं, दिवसभर जिन्यात वर्दळ, आणि तळमजल्यावर बेकरीवाल्याचा म्हातारा कुत्रा, ज्याला सगळे आजोबा म्हणत. चिंधी माणसांना आणि कुत्र्यांना सरावली तरच तिथं टिकणार होती.

"आणि नाहीच सरावली तर?" काकूंनी विचारलं.

"तर राहील तुमच्याकडेच. पण काकू..." डॉक्टरीणबाईंची नजर खिडकीतल्या गोळ्यांच्या डबीवर गेली. काकू अडुसष्ट वर्षांच्या. हृदयाची गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. "तुमच्या मागं तिला हात कोण लावेल?"

मग त्यांनी परक्या माणसानं कसं वागायचं ते सांगितलं. तिच्याकडे बघायचं नाही. हात पुढे करायचा नाही. अंग जरासं तिरकं धरायचं आणि गप्प उभं राहायचं. सुरुवात पंधरा पावलांवरून. नाही घाबरली तर दुसऱ्या दिवशी चौदा.

काकूंनी मान डोलावली. पण पंधरा पावलं चालायला माणूस तर हवा! त्यांच्याकडे यायचं कोण? विजारीची लांबी कमी करून हवी असलेले, पडदे शिवून हवे असलेले. तेही दारातूनच परत जायचे. आणखी एक धाकटी बहीण होती, दूरच्या गावी. तिची पत्रं यायची. सहा वर्षांपूर्वी बहीण गेली, तशी पत्रंही गेली. तेव्हापासून काकू बोलायच्या ते मशीनशी. "का गं, आज दोरा का तोडतेस? रुसलीस?" आणि टाक्यांवर टाके घालत गुणगुणायच्या:

*सुईबाई, सुईबाई, दोरा तुझा लांब गं,*
*जाणाऱ्याच्या पाठीमागं घडीभर थांब गं.*

आता त्या गाण्याला ऐकणारं कुणीतरी होतं. तिसऱ्या दिवशी चिंधीनं पायडलवरच्या पावलाला नाक लावलं. सातव्या दिवशी तिथंच मान टाकून झोपली. काकूंचा पाय अवघडला, मुंग्या आल्या, गिऱ्हाइकाचा कोट तसाच राहिला. त्यांनी पाय हलवला नाही.

पट्टीची युक्ती त्यानंतर सुचली. काकूंचा एक जुना गाऊन होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. चिंधी त्याच्याच बाहीवर झोपायची. एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनी सुई मागायला आल्या, गारठल्या होत्या, म्हणून काकूंनी तो गाऊन त्यांच्या खांद्यावर टाकला. आणि काय नवल! चिंधी मशीनखालून निघाली, सरपटत आली, वहिनींचा घोटा हुंगून गेली.

शिवणारीच्या हातात कात्री, डोक्यात लगेच बेत. काकूंनी गाऊनच्या बारा पट्ट्या कापल्या, कडा दुमडून टीपही मारली. जो येईल त्याच्या मनगटाला पट्टी.

"लग्न लावताय का कुत्रीशी?" बेकरीवाला हसत सुटला.

"तुझ्याशी लावायला ती काही एवढी खुळी नाही. हात कर पुढं."

वीजमीटर बघणाऱ्याला पट्टी. वहिनींच्या नवऱ्याला पट्टी. आजोबांच्या गळ्यातसुद्धा पट्टी; ते म्हातारं जनावर गळ्यात फुलाफुलाचं कापड घालून असं काही गंभीर बसलं की बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळली. पंधराची दहा झाली, दहाची पाच. चौथ्या आठवड्यात चिंधी सगळ्यांच्या हातून उकडलेलं अंडं खाऊ लागली. पोस्टमन दर रविवारी यायचे, पट्टी बांधायचे, अंडं भरवायचे आणि चष्मा पुसायचे.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. दारात काकूंनी पट्टी पुढं केली.

"हे काय?"

काकूंनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, पट्टी खुर्चीवर ठेवली आणि रिकाम्या हातानं आत आल्या. नियमानं उभ्या राहिल्या: नजर खिडकीकडे, अंग तिरकं.

चिंधीचे कान मागं पडले. पाठ धनुष्यासारखी झाली. फरशीवर ओल पसरली आणि ती चिंध्यांत अशी गडप झाली की नाकाचं बटणही दिसेना.



"ही माणसांना सरावली नाही, काकू," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "ही तुम्हालाच सरावलीय. सगळ्या जगाला तुम्ही तुमचीच बाही घातलीत."

त्या गेल्यावर काकू फरशी पुसत बसल्या. पुसून झाली तरी पुसत राहिल्या. लाज वाटत होती ती चूक झाल्याची नव्हती. डॉक्टरीणबाई बोलल्या त्या क्षणी त्यांच्या छातीत, कुठंतरी खोल, एवढंसं सुख हललं होतं: म्हणजे आता ही माझीच. आणि चिंध्यांतून दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते, जणू त्या मेल्या की जग संपणार होतं.

संध्याकाळी त्यांनी बाराही पट्ट्या गोळा केल्या, डब्यात कोंबल्या, डबा कपाटावर टाकला. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पंधरा पावलं.

आता खरं शिक्षण सुरू झालं आणि ते फार सावकाश चाललं. समोरच्या फुटपाथवर बेकरीवाला आजोबांना घेऊन चालायचा, इकडून काकू चिंधीला. ना थांबायचं, ना बघायचं. तीन दिवस चिंधी काकूंच्या पोटऱ्यांना चिकटून चालली. चौथ्या दिवशी आजोबा एका खांबाशी रेंगाळले, आणि ते पुढं गेल्यावर चिंधीनं तोच खांब हुंगला. अर्धा मिनिट हुंगला. डॉक्टरीणबाईंनी आणखी तीन आठवडे वाढवून दिले. सातव्या आठवड्यात दोघं एकाच फुटपाथवर चालू लागले, एकमेकांचं नाव न काढता, भांडण मिटलेल्या भावकीसारखे.

माणसांचं मात्र जमेना. पोस्टमन खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची तिरकी करून बसायचे. चिंधी एक पाऊल टाकायची, वळून काकूंकडे बघायची आणि परत यायची. पुन्हा एक पाऊल, पुन्हा माघारी.

तिसऱ्या रविवारी काकू उठल्या. "भाऊ, मी बाहेर बसते."

"बाहेर कुठं? घर तुमचं आहे."

"म्हणूनच. मी आहे तोवर ती कशाला येईल तुमच्याकडं? तुम्ही हळू आवाजात बोलत राहा. काहीही."

"काहीही म्हणजे काय? मला आयुष्यात पत्त्यांखेरीज काही येत नाही."

"मग पत्ते सांगा तिला."

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या. पायरी गार होती. दार लोटलेलं. आधी पंजांची खरखर आली; चिंधी दार ओरबाडत होती, कुईकुई करत होती. काकूंच्या ओठांवर गाणं आलं. पदर तोंडाशी धरावा तसा त्यांनी हात धरला आणि ते गिळलं.

आतून पोस्टमन बोलू लागले, सपाट, संथ, बटवड्याच्या चालीनं.

"पहिली गल्ली. एक नंबर, कुलूप. दोन नंबर, शिक्षक, रोज मासिकं. तीन नंबर, पांढरा कुत्रा, माझी विजार दोनदा फाडली. चार नंबर, आजीबाई, वाचून मीच दाखवायचो..."

गल्लीमागून गल्ली गेली. खरखर थांबली.

"...आता ही इमारत. पहिला मजला, बँकेची पत्रं. दुसरा मजला, शिवणकाकू. बहिणीचं पत्र, दर महिन्याला. निळी शाई, तिरकं अक्षर. मग ते थांबलं. मग नुसती विजेची बिलं. खालच्या पेटीत टाकली असती तरी चाललं असतं. मी वर यायचो. हातात द्यायचो. एवढंच."

काकू भिंतीला टेकल्या. सहा वर्षं. त्यांना वाटायचं नियमच तसा असेल.

आत शांतता. मग फरशीवर नखं: टिक. थांबली. टिक, टिक. या वेळी कुणी वळून परत आलं नाही. मग बटणांच्या पत्र्याच्या डब्यावर काहीतरी मऊ आपटू लागलं, टप, टप, टप. तो डबा खुर्चीशेजारी होता. काकूंना कळलं, ते शेपूट आहे.

"काकू!" आतून दबकी हाक आली. "आली हो! खातेय! या, बघा!"

काकू गेल्या नाहीत. डबा वाजायचा थांबेपर्यंत पायरीवरच बसून राहिल्या.

आठ दिवसांनी चिंधी गेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन महिने भेटायचं नाही, नाहीतर तिचे दोन तुकडे होतील. काकूंनी मशीनखालच्या चिंध्या झाडून काढल्या आणि परत तिथंच भरून ठेवल्या.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. नवा पोस्टमन ते खालच्या पेटीत टाकून गेला होता. चार ओळी: "जेवते. आजोबांच्या शेजारी झोपते. संध्याकाळी टेबलाखाली शिरून काहीतरी शोधते, मग निघते. तीस वर्षं पत्रं वाटली, लिहिलं हे पहिलंच, चूकभूल माफ." काकूंनी ते बटणांच्या डब्यात ठेवलं.

आणि परवा, दोन महिने भरायच्या आधीच, पडद्यांचं गाठोडं पोचवायला निघाल्या असताना, समोरच्या फुटपाथवरून ती तिघं आली. पोस्टमन, आजोबा आणि मधे चिंधी, शेपूट सरळ. बाजाराची वेळ. छत्रीवाला माणूस तिला जवळजवळ घासून गेला. ती नुसती बाजूला झाली, कुठलंही कुत्रं होतं तशी.

काकू या फुटपाथवर थांबल्या. नजरेनं अंतर मोजलं. पंधरा पावलं असतील.

चिंधीनं नाक वर केलं. थांबली. पोस्टमननं वळून बघितलं नव्हतं अजून.

हाक ओठांवर होती. काकूंनी गाठोडं छातीशी धरलं, नजर दुकानाच्या काचेकडे फिरवली, हात जवळ घेतले, अंग जरासं तिरकं केलं, आणि गप्प उभ्या राहिल्या.

मागून नखांचा आवाज आला, टिक, टिक, टिक, आणि न थांबता दूर दूर जात राहिला.