पऱ्हाटीच्या अकरा काड्या

“दादा, धर्मपालकडे बॉल काहून देत नाई तू?”

मैत्रिणींनीच डिवचलं होतं, ‘जये, हिंमत असंल तर भर मैदानात विचारून दाखव.’ जयानं विचारलं. मित्रांनो, तेव्हा मी तिच्या भावाच्या, देवरावच्या काखेत होतो. मी दिग्रसच्या एका शाळेचा फुटबॉल. आता अडगळीत पडलोय, चामडं तडकलंय. पण अठ्ठावन्न साली नागपूरहून एस.टी.नं आलो तेव्हा पोरं मला एरंडीचं तेल चोळायची. अकरा जणांचा लाडका म्हणून मी नुसता फुगून असायचो.

त्या दिवशी आर्णीच्या संघाशी सामना होता आणि मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल चढले होते. मैदानालगतच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीजवळ जयानं कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या अकरा काड्या मातीत रोवल्या होत्या. एक खेळाडू, एक काडी. मी ज्याच्या पायातून ज्याच्याकडे जाई, त्या दोन काड्यांमध्ये ती सूत ओढी. देवराव आणि त्याचा दोस्त फुलचंद, या दोन काड्यांभोवती सुताचा नुसता गुंता झाला होता. आर्णीची पोरं काय वेडी होती? त्यांनी त्या दोघांनाच घेरलं. उजव्या कडेला धर्मपाल मोकळा, हात वर करून उभा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याच्या काडीला सूत शिवलंही नव्हतं. अकरा जणांचा म्हणवणाऱ्या मला फार ओशाळं वाटलं.

देवरावचे कान लाल झाले. मग तो हळूच म्हणाला, “अन् तू त्याले गडवा हातात देतं काय?”

जयाच्या हातात घरचा, पाण्याचा पितळी गडवा होता. आताच तो माझ्यासारखाच सगळ्यांच्या हातोहात फिरला होता. धर्मपालच्या ओंजळीत मात्र तिनं वरून धार धरली होती, नेहमीसारखीच. त्यात काही वावगं आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिची मान खाली गेली. तशीच ती पुढे झाली आणि तिनं गडवा धर्मपालपुढे धरला.

“पेलो ना आत्ताच.”

“आता हातात घेऊन पे.”

तो प्याला. “पानी तर तेच आहे,” म्हणाला.

मध्यंतरानंतर देवरावनं मला उजवीकडे ढकललं. धर्मपालनं मला दडवून ठेवलं नाही, मोकळ्या गड्याकडे दिलं. त्यानं पुढच्याकडे. घेरायचं कुणाला, हेच आर्णीला कळेना आणि इकडे जयाचं सूत पुरेना. दोन्ही गोल फिटले. मित्रांनो, मला तेल नाही लावलंत तरी चालेल, पण सगळ्यांकडे जाऊ द्या.

घरी आमच्या आधीच बातमी पोचली होती. देवरावनं मला जाळीत घालून खुंटीला टांगलं आणि तो खाली मान घालून बसला. बाबांनी जयाच्या हातातल्या गडव्याकडे बोट दाखवलं.

“त्याचा हात लागला म्हणे,” माय म्हणाली. “विस्तवात टाकल्याबिगर गडवा चुलीजवळ आणू नको, पोरी.”

जयानं रांजणातलं पाणी त्याच गडव्यात घेतलं आणि घटाघटा प्याली.

“माय, बाबा, हा गडवा विस्तवात जानार नाई. उद्या मैदानात हाच नेईन. पयले धर्मपालच्या हातात देईन, मग त्याच्या हातून घेऊन मी पेईन.”