खड्ड्यातला खुंट

बूड फाटलेलं टोपलं, एक. कुदळीचा नुसता दांडा, एक. रबरी चपलेचा पट्टा, एक. हिरव्या बांगडीचे तुकडे सात — नाही, आठ, एक निम्मा मातीत रुतलेला... आणि मधोमध, न खोदता राखलेला मातीचा खुंट.

सिताराम काठावर उकिडवा बसून बघत होता. पालमपासून तीन मैलांवरचं हे दुष्काळी काम, पाझर तलावाचं, महिनाभर बंद होतं. कडा ढासळून लिंबाजी इथंच गाडला गेला होता. मुंबईपर्यंत गाजलेली चौकशी, एकशे बारा पानांचा अहवाल, आणि त्यात निष्कर्ष असा की मजूर स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला.

— मी कुणाच्याही बाजूचा नाही, तो स्वतःशी म्हणाला, असं मी दर आठवड्याला लिहितो. बी.एस्सी. झालो, मग कायदा, मग चार वर्षं सरकारी वकिली. ती सोडली आणि आता साप्ताहिकात अशा अहवालांची चिरफाड करतो.

खुंट राखतात तो काम किती खोल झालं ते मापायला. अहवालात खुंट पाच फूट नऊ इंच. पण माप वाढून मजुरी जास्त मिळावी म्हणून मजूर त्याच्या डोक्यावर माती थापतातच, सबब अंदाजे अकरा इंच वजा. खोली चार फूट दहा. पाच फुटांच्या वर गेलं तरच कडा पायऱ्यांनी कापायचा नियम. म्हणजे नियम लागू नाही, कामावरचे साहेब निर्दोष.

थापतातच... हा ‘च’सुद्धा सितारामचाच. सरकारी वकील असताना एका मुकादमाला शिक्षा व्हावी म्हणून कोर्टात त्यानंच हे वाक्य ठासून म्हटलं होतं, पुराव्याशिवाय, आणि न्यायाधीशांनी मान डोलावली होती. आता ते एकतिसाव्या पानावर छापून आलेलं. तोंडात कडू पाणी आलं. तो थुंकला.

सकाळी एस.टी. स्टँडवर विरोधी पक्षाच्या आबासाहेबांनी चहा पाजला होता. अकरा इंच खोटे, एवढंच लिहा, पुढचं आम्ही बघून घेऊ. काल सरकारपक्षाकडून निरोप होता, अहवाल मान्य केला तर वकिली परत मिळेल म्हणून. दोघांच्या बोलण्यात लिंबाजीचं नाव एकदाही नव्हतं.

खाली लिंबाजीची बायको सगुणाबाई टेपचं टोक धरून उभी होती. गावात आता सगळे म्हणत होते, आपल्या हातानं मेला. तेवढं खोडून द्या, एवढंच तिनं मागितलं होतं.

तो खाली उतरला. विचारावं की नाही... न विचारता मोजलं तर पाच फूट नऊ, लेख तयार.

“सगुणाबाई, यावर माती थापली होती का?”

तिनं खुंटाच्या डोक्यावर हात ठेवला.

“थापली व्हती. म्याच थापली. समदेच थापायलेत, आमीच कामून सोडावं?”

“किती?”

“हातानं थापली, साहेब. टेप न्हवता.” मग खुंटाकडे बघत म्हणाली, “मेलेला मानूस किती खोल व्हता, ते बी मोजावं लागतंय व्हय तुमच्या कायद्यात?”

मूळ जमिनीत हराळीची मुळं असतात, थापलेल्या मातीत नसतात. त्यानं खिशातला चाकू काढला आणि वरून पापुद्रा-पापुद्रा तासू लागला. इंचभर. दोन. माती भुसभुशीत, मुळं नाहीत. चार. आणि मग जाणवलं की हात हळू झालाय, पातं लवकर अडावं म्हणून वाट बघतोय... हा हात तोच, कोर्टात वर झालेला. फक्त बाजू बदललेली. आबासाहेबांच्या चहाचा गोडवा अजून जिभेवर होता, चिकट. किळस आली, आणि या वेळी थुंकून भागेना. सहा. सात. तो थांबला नाही. सगुणाबाई बघत होती, थांबा म्हणत नव्हती.

पांढरी, केसासारखी मुळं लागली. त्यानं खुंटाचं डोकं सपाट केलं, टेप ताणला. तिनं खालचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं.

त्यानं तीनदा मोजलं. पाच फूट पाऊण इंच.